इ. स. १४५३ : मिरी, तुरटी आणि छापखाना

काळवेळ (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात भाचीची इतिहासाची उजळणी घेत होतो. युरोपीय राष्ट्रांना आशियाकडे जाणारे नवे मार्ग शोधण्याची गरज का भासली, असा 'कारणे द्या' सदरातला प्रश्न होता. तिने उत्तर न अडखळता म्हणून दाखवले : १४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, आशिया आणि युरोप यांना जोडणारे खुष्कीचे मार्ग बंद झाले, म्हणून सागरी मार्गाचा शोध सुरू झाला. मीही शाळेत हेच लिहून गुण मिळवले होते. मग तिने नकाशावही उघडली, कालिकतवर बोट ठेवले आणि ते व्हेनिसकडे नेऊ लागली. बोट अरबी समुद्रातून तांबड्या समुद्रात शिरले, सुएझपाशी जमिनीवर चढले, कैरो आणि अलेक्झांड्रियावरून भूमध्य समुद्रात उतरले आणि व्हेनिसला लागले. कॉन्स्टँटिनोपल उत्तरेला बाजूला राहिले. "मामा, मिरी त्या गावाला जातच नव्हती, तर ते गाव पडल्यावर अडली कशी?" असे तिने विचारले, आणि मला पटकन उत्तर देता आले नाही. त्यानंतर या विषयावर जे वाचले आणि त्यातून जे मत बनले, ते येथे सविस्तर मांडतो.

भाचीच्या बोटाने दाखवलेला मार्ग बरोबर होता. पंधराव्या शतकात मलबारची मिरी प्रामुख्याने तांबड्या समुद्रातून मामलुक सुलतानांच्या इजिप्तमध्ये येत असे, आणि व्हेनिसची गलबते ती अलेक्झांड्रिया व बैरूत या बंदरांतून उचलत. हा सगळा प्रदेश १४५३ मध्ये तुर्कांच्या ताब्यात नव्हता. ऑटोमनांनी सीरिया १५१६ मध्ये आणि इजिप्त १५१७ मध्ये घेतला, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोहोचल्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी. मिरीच्या व्यापाराला कोणी वेठीस धरले असेलच, तर ते कैरोच्या मामलुकांनी. सुलतान बार्सबाय याने १४२२ ते १४३८ या आपल्या कारकिर्दीत मिरीच्या विक्रीची मक्तेदारी स्वतःकडे घेतली होती, आणि त्यावरून व्हेनिसच्या व्यापाऱ्यांशी त्याचे सतत खटके उडत.

मध्य आशियातून काळ्या समुद्रापर्यंत येणारा खुष्कीचा मार्गही तुर्कांनी बंद केला असे म्हणता येत नाही, कारण तो त्याआधीच क्षीण झाला होता. मंगोलांची सत्ता एकसंध होती तोवर त्या वाटेने व्यापारी निर्धास्त जात. इराणमधील मंगोल राज्य १३३५ नंतर मोडले, आणि १३९५ मध्ये तैमूरने अझोव समुद्राकाठचे ताना हे व्यापारी ठाणे लुटले. शिवाय जकातीवर जगणारा राज्यकर्ता व्यापार बंद कशासाठी करील? शहर पडल्यावर काही दिवसांतच ऑटोमन सुलतान मेहमद दुसरा याने शहरासमोरच्या गलाता येथील जिनोईज (इटलीतील जिनोआच्या व्यापाऱ्यांच्या) वसाहतीला व्यापाराची सनद दिली, आणि एप्रिल १४५४ मध्ये व्हेनिसने त्याच्याशी तह करून आपला व्यापार पुन्हा सुरू केला.

पोर्तुगिजांचे पाऊलही १४५३ च्या बरेच आधी पडलेले होते. त्यांनी मोरोक्कोतील सेउटा हे बंदर १४१५ मध्ये घेतले. मदेरा बेटांवर त्यांची वस्ती १४२० च्या सुमारास सुरू झाली. ज्याच्या पलीकडे जहाज जात नाही अशी समजूत होती, ते बोजादोरचे भूशिर जिल इयानिशने १४३४ मध्ये ओलांडले. १४४४ मध्ये लागोश बंदरावर आफ्रिकेतून आणलेल्या २३५ माणसांची वाटणी आणि विक्री झाली. त्या दिवशी आईपासून तोडली जाणारी मुले पाहून पोर्तुगीज बखरकारालाही रडू आवरले नाही, असे त्याने स्वतः नोंदवले आहे. सोने, गुलाम, साखर आणि मोरोक्कोतील मुसलमान सत्तेशी असलेले वैर ही या प्रवासामागची कारणे होती. त्या टप्प्यावर हिंदुस्थानची मिरी त्यांच्या विचारात फारशी नव्हती.

मग १४५३ ने काहीच बदलले नाही का? खूप बदलले, परंतु वेगळ्या दिशेने. ती दिशा एका माणसाच्या आयुष्यातून सर्वात स्पष्ट दिसते, आणि मला हा धागा मुख्यतः त्याच्यासाठी लिहावासा वाटला.

एनिआ सिल्व्हिओ पिकोलोमिनी हा सिएना परिसरातला विद्वान त्या काळी जर्मन सम्राट फ्रेडरिक तिसरा याच्या दरबारी होता. कॉन्स्टँटिनोपल २९ मे रोजी पडले, व्हेनिसला ती बातमी २९ जूनला पोहोचली आणि जुलैमध्ये एनिआने पोपला पत्र लिहिले. होमरचा हा दुसरा मृत्यू आहे आणि प्लेटोचाही, असे त्या पत्रात त्याने म्हटले आहे. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तुर्कांविरुद्ध युद्ध पुकारावे म्हणून फ्रँकफुर्ट येथे साम्राज्याची सभा भरली आणि तिथे एनिआने मोठे भाषण केले. त्याच मुक्कामात त्याने एक नवल पाहिले : छापलेल्या बायबलचे सुटे भाग. मार्च १४५५ मध्ये एका कार्डिनलला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की अक्षर इतके स्वच्छ आणि नेटके आहे की चष्म्याशिवाय सहज वाचता येईल, आणि पुस्तक पुरे होण्याआधीच सर्व प्रतींना गिऱ्हाईक मिळाले आहे. तेच जर्मनीतील माइन्झचा मुद्रक योहान गुटेनबर्ग याचे, दर पानावर ४२ ओळी असलेले बायबल. तुर्कांशी लढण्याची सभा आणि युरोपात सुट्या अक्षरांनी छापलेले पहिले मोठे पुस्तक एकाच गावात, एकाच महिन्यात, एकाच माणसाच्या नजरेस पडले.

त्याच सुमारास माइन्झमध्ये आणखी काही छापले जात होते. सायप्रसच्या राजाला तुर्कांपासून संरक्षणासाठी पैसा हवा होता, म्हणून पोपने दात्यांना पापक्षमापत्रे देण्याची परवानगी दिली, आणि ती पत्रे हाताने लिहीत बसण्याऐवजी छापून घेण्यात आली. युरोपात सुट्या अक्षरांनी छापलेल्या ज्या कागदांवर नेमकी तारीख आढळते, त्यांतले सर्वात जुने म्हणजे ऑक्टोबर १४५४ मधील ही पापक्षमापत्रे. डिसेंबर १४५४ मध्ये माइन्झमध्येच पुढच्या वर्षाचे एक पंचांगवजा चोपडे छापले गेले, ज्यात प्रत्येक अमावास्येच्या निमित्ताने ख्रिस्ती जगातील कोणा ना कोणा सत्ताधीशाला तुर्कांविरुद्ध उठण्याची हाक दिलेली आहे. छापखान्याला रोख पैसा देणारे सुरुवातीचे काम कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावाने पुरवले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात एका ओळीतही नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

आणि आता तुरटी. एनिआ सिल्व्हिओ १४५८ मध्ये पायस दुसरा या नावाने पोप झाला. युरोपातील लोकरीच्या कापडावर रंग पक्का बसवण्यासाठी तुरटी लागे, आणि उत्तम तुरटी अनातोलियाच्या किनाऱ्यावरील फोकेया येथून जिनोईज व्यापारी आणत. ऑटोमनांनी १४५५ मध्ये ते ठिकाण घेतले आणि युरोपातील रंगाऱ्यांची पंचाईत झाली. कॉन्स्टँटिनोपलमध्ये कापड रंगवण्याच्या धंद्यात असलेला जोव्हान्नी द कास्त्रो सर्वस्व गमावून इटलीत परतला होता. १४६१ च्या सुमारास रोमजवळच्या तोल्फाच्या डोंगरांत फिरताना त्याला एक झुडूप दिसले, जे त्याने आशियातील तुरटीच्या डोंगरांवर पाहिले होते. त्याने तिथले पांढरे दगड चाखले, भाजून पाहिले, आणि पोपकडे जाऊन सांगितले की आज मी तुम्हाला तुर्कांवरचा विजय आणून दिला आहे, कारण ते तुरटीपोटी ख्रिस्ती लोकांकडून दरसाल तीन लाख डुकातांहून (डुकात हे सोन्याचे नाणे) अधिक रक्कम उकळतात. पोपने ख्रिस्ती देशांत तुर्की तुरटी घेण्यास मनाई केली, आणि १४६६ मध्ये तोल्फाच्या खाणींचा मक्ता फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याकडे गेला.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे की १४५३ मुळे मिरी अडली नाही, तुरटी अडली. त्या घटनेने युरोपला हिंदुस्थानकडे ढकलले नाही. तिने युरोपला स्वतःच्या डोंगरांत खाण शोधायला, स्वतःच्या गावात कागद छापायला आणि पुढे त्या छापील कागदावरूनच आपसात भांडायला लावले. जाणकारांनी यात काय चुकते आहे ते जरूर दाखवावे.

खडूफळा

मी इतिहास शिकवतो, त्यामुळे पाठ्यपुस्तकाची बाजू मांडणे माझे कर्तव्य समजतो. मिरीच्या मार्गाबाबत आपण लिहिलेले मला मान्य आहे. १९१५ मध्येच लायबियर या अमेरिकी इतिहासकाराने तुर्कांनी व्यापारी मार्ग अडवल्याची समजूत खोडून काढली होती, आणि तरीही ती शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांत टिकून आहे, हे खरे. परंतु १४५३ हे वर्ष आम्ही मध्ययुगाचा शेवट म्हणून शिकवतो, ते केवळ व्यापारामुळे नाही. कॉन्स्टँटिनोपलचा पाचव्या शतकात बांधलेला आणि हजार वर्षे अभेद्य राहिलेला तट तोफांनी फोडला गेला. ती प्रचंड तोफ ओतणारा ओर्बान हा हंगेरीचा कारागीर आधी तिथल्या ख्रिस्ती सम्राटाकडेच गेला होता, पण त्याचा पगार देण्याइतका पैसा सम्राटाच्या तिजोरीत नव्हता. दुसरे असे की शहर पडल्यावर ग्रीक विद्वान आपल्या पोथ्या घेऊन इटलीत गेले आणि तिथून प्रबोधनाला चालना मिळाली. या दोन गोष्टी आपल्या लेखात आलेल्या नाहीत, म्हणून विचारतो.

काळवेळ

तोफांचा मुद्दा योग्यच आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये कास्तियों येथे फ्रेंच तोफखान्याने इंग्रजांचा पराभव केला आणि शतवार्षिक युद्ध संपले. दोन महिन्यांच्या आत युरोपच्या दोन टोकांना तोफेने निकाल लावला, त्यामुळे त्या दृष्टीने ते वर्ष महत्त्वाचे ठरते.

विद्वानांच्या बाबतीत मात्र मला कालक्रम आडवा येतो. कॉन्स्टँटिनोपलचा विद्वान मॅन्युएल क्रिसोलोरास फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवू लागला तो १३९७ मध्ये. इटालियन कवी पेट्रार्कला होमरची ग्रीक प्रत मिळाली ती चौदाव्या शतकाच्या मध्यावर. त्याला ती वाचता येत नव्हती, आणि पोथी पाठवणाऱ्या गृहस्थाला त्याने लिहिले की तुमचा होमर माझ्यापुढे मुका आहे, किंवा मीच त्याच्यापुढे बहिरा आहे. ही जिज्ञासा १४५३ पूर्वी शंभर वर्षे जागी होती. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट १४३६ मध्येच पुरा झाला होता.

तरीही एक अपवाद नोंदवतो. कार्डिनल बेसारियन हा मूळचा ग्रीक. शहर पडल्यावर ग्रीक ग्रंथ नष्ट होतील या धास्तीने तो ते मिळेल तिथून जमवत आणि नकलून घेत राहिला, आणि १४६८ मध्ये त्याने सातशेहून अधिक हस्तलिखिते व्हेनिसला दान केली. पुढे व्हेनिस हे ग्रीक ग्रंथांच्या छपाईचे केंद्र झाले. तेव्हा प्रबोधनाचा उगम १४५३ मध्ये नाही, पण त्याची पुस्तके वाचवण्याची घाई त्या वर्षाने निर्माण केली, एवढे मी आनंदाने मान्य करतो.

शिशाची अक्षरे

माझे वडील आमच्या तालुक्याच्या गावी छापखान्यात जुळारी होते, त्यामुळे पापक्षमापत्रांचा परिच्छेद मी दोनदा वाचला. लहानपणी मी त्यांच्या शेजारी उभा राहून लाकडी खान्यांतून खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, उचलून देत असे. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, ओळ डावीकडून जुळवायची पण अक्षरे डोक्यावर उभी धरून वाचायची, आणि काम झाले की प्रत्येक खिळा आपापल्या खान्यात परत टाकायचा. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचा तो खिळा थंड होताना फारसा आक्रसत नाही, म्हणून सगळे खिळे एका उंचीचे राहतात. या मिश्रणाची आणि खिळे ओतण्याच्या साच्याची जुळणी हीच गुटेनबर्गची खरी करामत होती, कारण दाब देणारा स्क्रू तर द्राक्षरस काढणाऱ्यांकडे आधीपासून होता.

छापखान्याचे अर्थशास्त्र ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला त्या पापक्षमापत्रांचे महत्त्व लगेच कळेल. वडील म्हणत की पुस्तक मालकाला मोठेपणा देते आणि जॉबचे काम घर चालवते. पुस्तकाचा कागद आधी विकत घ्यावा लागतो, महिनोन्महिने मजुरी द्यावी लागते, आणि पैसे शेवटी येतात. पावतीपुस्तके, हँडबिले, लग्नपत्रिका ही कामे आज घेतली की आठवड्यात पैसे हातात. माइन्झची पापक्षमापत्रे अगदी पावतीपुस्तकासारखी होती : एका बाजूला छापलेला एक कागद, मजकूर सर्वांना सारखा, आणि दात्याचे नाव व तारीख हाताने भरण्यासाठी सोडलेली कोरी जागा. याउलट बायबल सुमारे १८० प्रतींचे आणि जवळजवळ १३०० पानांचे होते. त्या मोठ्या कामात गुंतलेले भांडवल परत न आल्याने योहान फुस्ट या सावकाराने गुटेनबर्गवर दावा लावला आणि नोव्हेंबर १४५५ मध्ये निकाल गुटेनबर्गच्या विरोधात गेला.

आणखी एक धागा जोडतो. ज्या माइन्झमध्ये ही पत्रे छापली, त्याच माइन्झचे आर्चबिशपपद १५१४ मध्ये आल्ब्रेख्ट नावाच्या तरुण सरदारपुत्राने मिळवले. त्यासाठी रोमला द्यायची रक्कम त्याने फुग्गर या सावकारी पेढीकडून कर्जाऊ घेतली, आणि ते कर्ज फेडण्यासाठी पापक्षमापत्रांच्या विक्रीतला निम्मा वाटा त्याला मिळावा असे ठरले. दुसरा निम्मा वाटा रोममधील सेंट पीटरच्या बांधकामासाठी होता. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी आपले ९५ मुद्दे पाठवले ते याच आल्ब्रेख्टकडे. त्या वर्षअखेरीपर्यंत ते न्युरेंबर्ग, लाइपझिग आणि बाझेल येथे छापले गेले होते. पापक्षमापत्रे छापणाऱ्या खिळ्यांनीच पुढे पापक्षमापत्रांवरचा हल्लाही छापला.

रानजाई

चर्चा चांगली चालली आहे, परंतु सर्वांनी सुरुवात शंभर वर्षे उशिरा केली आहे असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. एनिआ सिल्व्हिओ ज्या सिएनाच्या परिसरात जन्मला, तिथे मी तीन वर्षांपूर्वी गेले होते. त्या गावाने १३३९ मध्ये आपले कॅथीड्रल इतके वाढवायला घेतले की असलेली इमारत नव्या इमारतीची केवळ आडवी भुजा ठरावी. आज तिथे एक प्रचंड उंच, छत नसलेली भिंत उभी आहे. आतल्या अरुंद जिन्याने वर चढून गेले की खाली सगळे गाव दिसते, आणि जिथे मुख्य दालन व्हायचे होते तिथे उघडे आकाश आहे. काम १३४८ मध्ये थांबले ते कायमचेच. त्या वर्षी प्लेग आला. आन्योलो दि तूरा या तिथल्या बखरकाराने लिहून ठेवले आहे की त्याने आपली पाच मुले स्वतःच्या हातांनी पुरली. ती भिंत पाहिल्यानंतर मला १४५३ हे वर्ष दुय्यम वाटू लागले.

ऑक्टोबर १३४७ मध्ये मेसिना बंदरात उतरलेल्या या साथीने पुढच्या चार-पाच वर्षांत युरोपातील किमान तिसरा हिस्सा माणसे नेली. माणसे कमी झाली, जमीन तेवढीच राहिली, त्यामुळे मजुराचा भाव वाढला. इंग्लंडमध्ये राजाने १३४९ मध्ये हुकूम काढून आणि १३५१ मध्ये कायदा करून मजुरी प्लेगपूर्वीच्या दराला बांधण्याचा प्रयत्न केला, परंतु मजूर जास्त देणाऱ्याकडे निघून जात राहिले. डोईपट्टीच्या तिसऱ्या आकारणीनंतर १३८१ मध्ये शेतकऱ्यांनी उठाव केला. उठाव चिरडला गेला, तरी वेठबिगारीची जुनी पद्धत तिथे पुढच्या शतकात विरत गेली. मात्र एल्ब नदीच्या पूर्वेला, प्रशिया आणि पोलंडमध्ये, पुढे उलटेच घडले : जमीनदारांनी कुळांना अधिक घट्ट बांधले, आणि पश्चिमेला धान्य विकून ते गबर झाले. साथ एकच, पण सत्तेची वाटणी जशी होती तसा तिचा परिणाम झाला. मिरी, चांगले कापड आणि पुस्तके विकत घेणारा जो ग्राहक पंधराव्या शतकात दिसतो, तो या मजुरीवाढीतून उभा राहिला आहे असे मला वाटते.

उलटतपासणी

धागाकर्त्यांच्या मूळ विधानाला माझा एक आक्षेप आहे, आणि तो पोर्तुगिजांविषयी आहे. त्यांचे प्रवास १४५३ पूर्वी सुरू झाले हे निर्विवाद आहे. परंतु त्या प्रवासांना कायद्याचे कवच मिळण्यात कॉन्स्टँटिनोपलचा मोठा हात आहे. शहर पडल्यावर सप्टेंबर १४५३ मध्ये पोप निकोलस पाचवा याने धर्मयुद्ध पुकारले. ज्या मोजक्या राजांनी ते मनावर घेतले, त्यांत पोर्तुगालचा आफोन्सो पाचवा होता. जानेवारी १४५५ मध्ये त्याच पोपने एक आज्ञापत्र काढून आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून हिंदुस्थानपर्यंतच्या दिशेने नौकानयन, व्यापार आणि जिंकलेल्या लोकांना गुलाम करणे यांचा एकाधिकार पोर्तुगालला दिला. १४५७ मध्ये आफोन्सोने पश्चिम आफ्रिकेच्या सोन्यातून 'क्रुझादो' हे नाणे पाडले. त्या नावातच धर्मयुद्धाचा क्रूस आहे. तुर्कांवरची ती मोहीम कधी निघालीच नाही, आणि जमवलेली फौज घेऊन त्याने १४५८ मध्ये मोरोक्कोतील अल्कासेर सेगेर घेतले. म्हणून १४५३ ने पोर्तुगिजांना जहाजावर चढवले नाही हे खरे असले, तरी त्यांच्या हातात सनद दिली, हे दुर्लक्षून चालणार नाही.

काळवेळ

आक्षेप पूर्णपणे मान्य. १४५५ चे ते आज्ञापत्र मी माझ्या मांडणीत घ्यायला हवे होते. एवढेच जोडतो की जून १४५२ मध्ये, म्हणजे शहर पडण्याच्या अकरा महिने आधी, याच पोपने याच राजाला मुसलमान आणि मूर्तिपूजक यांच्यावर स्वारी करून त्यांना गुलाम करण्याची मुभा दिलेली होती. सनदेचा मसुदा तयार होता, १४५३ नंतर तिची व्याप्ती वाढली, असे म्हणणे मला अधिक नेमके वाटते.

रानजाई, सिएनाच्या भिंतीबद्दल मनापासून आभार. मजुरीच्या मुद्द्यावर मला आणखी वाचायला हवे, पण एल्बच्या दोन्ही बाजूंचा फरक वाचून माझ्या मनातली एक गाठ सुटली. घटना कितीही मोठी असली, तरी ती कोणत्या जमिनीवर पडते यावर तिचे फळ ठरते, आणि तुर्कांच्या बाबतीतही तसेच झाले. मेहमदाचा पणतू सुलेमान याने १५२६ मध्ये मोहाचची लढाई जिंकून हंगेरीचे राज्य मोडले आणि १५२९ मध्ये व्हिएन्नाला वेढा घातला. सम्राट पाचवा चार्ल्स कॅथलिक होता आणि ल्यूथरपंथीयांना दडपणे त्याच्या मनात होते, परंतु तुर्कांशी लढायला सैन्य आणि पैसा त्याला त्याच जर्मन राजांकडून हवा होता, ज्यांतले अनेक ल्यूथरच्या बाजूचे होते. १५३२ मध्ये न्युरेंबर्ग येथे त्याला त्यांच्याशी धर्माच्या बाबतीत तात्पुरता तह करावा लागला. वाढायला आणि मुळे धरायला हवी होती तेवढी वर्षे धर्मसुधारणेला मिळाली, ती पूर्व सीमेवर तुर्क उभे होते म्हणून. जर्मनीतील चर्चच्या फाटाफुटीशी असलेला ऑटोमनांचा हा संबंध मला मिरीच्या संबंधापेक्षा पुष्कळ पक्का वाटतो.

मांडवीकाठ

गोव्यातून एक छोटी भर घालतो. त्या १४५५ च्या सनदेच्या आधारावर उभ्या राहिलेल्या सत्तेने १५१० मध्ये गोवा घेतला, आणि माइन्झची कला १५५६ मध्ये येथे उतरली. तो छापखाना खरे तर इथिओपियाकडे निघाला होता, पण तो येथेच राहिला आणि सेंट पॉल कॉलेजात चालू झाला. साठ वर्षांनी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सचे मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' राशोल येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे तयार झालेले नव्हते. शिशाची अक्षरे यांच्या वडिलांनी जुळवलेल्या देवनागरी खिळ्यांना त्यानंतरही बराच काळ वाट पाहावी लागली.

खडूफळा

सर्वांचे आभार. पुढच्या आठवड्यात आठवीच्या वर्गात हाच धडा घ्यायचा आहे. पाठ्यपुस्तकातले उत्तर तर मुलांना सांगावेच लागेल, परंतु त्याच्या जोडीला मार्ग बंद नव्हता हे मुलांच्या लक्षात राहील असा एखादा प्रसंग हवा आहे. तुरटी आणि आज्ञापत्रे तेरा वर्षांच्या मुलांना जड जातील. धागाकर्त्यांना काही सुचते का?

काळवेळ

सुचते, आणि तो प्रसंग वास्को द गामाच्या ताफ्यातल्याच एकाने लिहिलेल्या रोजनिशीत आहे.

मे १४९८ मध्ये चार हजार कोसांहून अधिक अंतर कापून, आफ्रिकेला वळसा घालून ती जहाजे कालिकतच्या किनाऱ्याला लागली. किनाऱ्यावर काय वाढून ठेवले आहे हे ठाऊक नसल्यामुळे गामाने आधी एका शिक्षा झालेल्या कैद्याला पाठवले. अशा जोखमीच्या कामासाठीच असे कैदी बरोबर घेतलेले असत. गावातल्या लोकांनी त्याला दोन परदेशी व्यापाऱ्यांच्या घरी नेले. ते दोघे ट्युनिसचे मुसलमान होते, आणि त्यांना स्पेनमधील कॅस्टिलियन व जिनोआची बोली येत होती. युरोपीय माणूस दारात पाहून त्यांच्यातला एक म्हणाला, "सैतान घेऊन जावो तुला! इकडे कुठे आलास?" कैद्याने उत्तर दिले की आम्ही ख्रिस्ती लोक आणि मसाले शोधायला आलो आहोत. त्यावर त्यांनी विचारले की कॅस्टिलचा राजा, फ्रान्सचा राजा किंवा व्हेनिसची सत्ता इकडे माणसे का पाठवत नाही? पोर्तुगालचा राजा त्यांना पाठवू देत नाही, असे त्याने सांगितले. मग त्यांनी त्याला घरात बसवून गव्हाची पोळी आणि मध खायला दिला.

मुलांना नकाशावर ट्युनिस दाखवा. तिथून अलेक्झांड्रिया, कैरो, तांबडा समुद्र, एडन आणि कालिकत असे बोट फिरवायला लावा. आणि मग विचारा की हे दोघे तिथे कोणत्या वाटेने आले असतील.